अध्यापकपदाच्या अर्जांची छाननी : अर्हता, समकक्षता आणि काही अडचणी

महाविद्यालयातील साहाय्यक प्राध्यापकाच्या एका जागेची जाहिरात वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली की पंधरा-वीस दिवसांत कार्यालयात अर्जांचे गठ्ठे जमा होतात. संस्थाचालकांना मुलाखतीच्या तारखेची घाई असते, प्राचार्य विद्यापीठाकडून येणाऱ्या विषयतज्ज्ञांच्या नावांची वाट पाहत असतात आणि अर्ज तपासण्याचे काम दोन-तीन ज्येष्ठ अध्यापक व एक लिपिक यांच्यावर सोपवले जाते. तासिका संपल्यावर, परीक्षेच्या उत्तरपत्रिका बाजूला सारून, हे काम कसेबसे उरकले जाते. छाननी समिती कोणाला नोकरी देत नाही, म्हणून तिच्याकडे गौण समिती म्हणून पाहण्याची प्रथा पडली आहे. मात्र मुलाखतीच्या दालनाबाहेर कोण राहणार, हे तीच ठरवते. आणि तिथे झालेली चूक पुढच्या टप्प्यावर सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

या चुकीची किंमत कोण मोजतो, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९० सालच्या एका निकालात सापडते. आंध्र प्रदेशातील विजयनगरम येथील समाजकल्याण निवासी शाळा संस्थेने शिक्षकपदासाठी दिलेल्या जाहिरातीत पदव्युत्तर परीक्षेत द्वितीय श्रेणीची अट होती. तृतीय श्रेणी असलेल्या एका उमेदवाराची निवड झाली. मूळ प्रमाणपत्रे घेऊन ती रुजू होण्यास गेली, तेव्हा ही बाब उघडकीस आली आणि तिला रुजू करून घेण्यास नकार देण्यात आला. प्रकरण न्यायालयात गेले. न्यायालयाने संस्थेची बाजू उचलून धरताना मांडलेला मुद्दा प्रत्येक छाननी समितीने ध्यानात ठेवण्याजोगा आहे : जाहिरातीतील अट डावलून नेमणूक करणे हा केवळ संस्था आणि उमेदवार यांच्यातील व्यवहार राहत नाही. तेवढीच किंवा त्याहून अधिक गुणवत्ता असलेल्या ज्या व्यक्तींनी जाहिरातीतील अट वाचून, आपण बसत नाही असे समजून, अर्जच केला नाही, त्या सर्वांवर तो अन्याय असतो. हा माणूस कोणत्याही फाइलमध्ये नसतो. त्याचा अर्ज नाही, आवक क्रमांक नाही, तक्रारही नाही. छाननी मुख्यतः त्याच्यासाठी करायची असते.

पात्रता, लघुसूची आणि निवड

समित्यांच्या कामात गोंधळ होतो तो बहुधा तीन निराळी कामे एकत्र केल्यामुळे. पहिले काम पात्रता ठरवण्याचे : उमेदवार जाहिरातीतील किमान अट पूर्ण करतो की नाही. याचे उत्तर होय किंवा नाही इतकेच असते. ‘थोडक्यात हुकला, पण शिकवतो चांगला’ असे उत्तर नसते. दुसरे काम लघुसूचीचे : पात्र उमेदवार खूप असतील तर त्यांतील कितीजणांना, कोणत्या निकषावर बोलवायचे. तिसरे काम निवडीचे आणि ते निवड समितीचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १८ जुलै २०१८ च्या विनियमांत हे स्पष्ट आहे. शैक्षणिक गुणांकन फक्त मुलाखतीसाठी उमेदवार निवडण्यापुरते वापरायचे असून अंतिम निवड केवळ मुलाखतीतील कामगिरीवर करायची आहे. तरीही ‘गुणांकनात पहिला आलेल्याला का घेतले नाही’ असे वाद होतात, आणि उलट बाजूने छाननी करणारे अध्यापक ‘हा आपल्याकडे टिकणार नाही’ अशी कारणे मनात धरून अर्ज बाजूला ठेवतात. पहिल्यात लघुसूचीला निवड समजले जाते. दुसऱ्यात पात्रतेच्या टप्प्यावरच निवड उरकून घेतली जाते.

पात्रता कोणत्या दिवशी पाहायची, हाही नेहमीचा प्रश्न. पदव्युत्तर परीक्षेचा निकाल लागायचा आहे, पीएचडीची मौखिक परीक्षा झाली आहे पण अधिसूचना निघालेली नाही, असे अर्ज दर वेळी येतात. मुलाखतीच्या दिवशी अनेकदा निकाल हातात असतो, त्यामुळे सहानुभूती वाटते. राजस्थान विद्यापीठाच्या साहाय्यक प्राध्यापकांच्या निवडीसंबंधी १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने याचा निर्वाळा दिला : अर्ज स्वीकारण्याच्या शेवटच्या दिवशी, किंवा जाहिरातीत दुसरी तारीख नमूद असल्यास त्या दिवशी, अर्हता हाती असली पाहिजे. निवडीच्या दिवसाचा आधार घेता येत नाही, कारण तो दिवस आधी कोणालाच ठाऊक नसतो.

नेट, सेट आणि राज्यांच्या सीमा

साहाय्यक प्राध्यापकपदासाठी संबंधित, सुसंगत किंवा संलग्न विषयात ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट, ही चौकट अध्यापकांना तोंडपाठ असते. अडचण येते ती प्रमाणपत्र वाचताना.

जून २०२४ च्या परीक्षेपासून यूजीसी-नेटचा निकाल तीन गटांत लागतो. पहिल्या गटातील उमेदवार कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती आणि साहाय्यक प्राध्यापकपद या दोहोंसाठी पात्र असतो. दुसऱ्या गटातील उमेदवार साहाय्यक प्राध्यापकपदासाठी व पीएचडी प्रवेशासाठी, तर तिसऱ्या गटातील केवळ पीएचडी प्रवेशासाठी पात्र असतो. तिघेही ‘नेट उत्तीर्ण’ असे सांगतात आणि तसे सांगण्यात खोटे काही नसते. अर्जातील रकान्यात ‘नेट : होय’ एवढेच पाहून पुढे जाणारी समिती मात्र तिसऱ्या गटातील उमेदवाराला मुलाखतीस बोलावून बसते. उलट दिशेची चूकही घडते. अधिछात्रवृत्तीच्या पत्राला मुदत असते; साहाय्यक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला नसते. जुन्या पत्रावरील मुदत संपल्याचे पाहून दहा वर्षांपूर्वी नेट झालेल्या उमेदवाराला अपात्र ठरवणे हे त्याच्यावर निखालस अन्यायाचे आहे.

सेटच्या बाबतीत सीमाभागातील महाविद्यालयांना विशेष काळजी घ्यावी लागते. महाराष्ट्र आणि गोवा यांच्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. गुजरातची वडोदऱ्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, तेलंगणाची उस्मानिया विद्यापीठ, मध्य प्रदेशची तेथील लोकसेवा आयोग. कर्नाटकची के-सेट वेगळी. सेटची पात्रता त्या त्या राज्यापुरतीच ग्राह्य असते. म्हणजे बेळगावात राहणारा, मराठी माध्यमात शिकलेला आणि महाराष्ट्राची सेट उत्तीर्ण झालेला उमेदवार कोल्हापूर, सांगली किंवा मडगाव येथील महाविद्यालयात अर्ज करण्यास पात्र. स्वतःच्या घरापासून दोन मैलांवरच्या महाविद्यालयात मात्र अपात्र. त्याने नेट किंवा के-सेट दिली पाहिजे. नियमाचा हा परिणाम चमत्कारिक वाटला तरी नियम तसा आहे, आणि जाहिरातीत तो एका ओळीत सांगितला तर अनेकांचे अर्जाचे शुल्क व प्रवासखर्च वाचेल. एक अपवाद जुन्या अध्यापकांच्या अर्जांत आढळतो : १ जून २००२ पूर्वी झालेल्या सेट परीक्षांची पात्रता देशभर ग्राह्य धरली जाते.

पीएचडीधारकांना नेटमधून मिळणारी सूट हा तर स्वतंत्र लेखाचा विषय ठरावा. २००९ च्या विनियमांनुसार मिळालेल्या पीएचडीला सूट. ११ जुलै २००९ पूर्वी नोंदणी झालेल्यांना पाच अटींवर सूट. पदवी नियमित पद्धतीने मिळालेली असावी, प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांनी तपासलेला असावा, मौखिक परीक्षा खुली झालेली असावी, प्रबंधावर आधारित दोन शोधनिबंध प्रकाशित असावेत (त्यांपैकी एक तरी संदर्भित नियतकालिकात), आणि दोन निबंध परिषदांत वाचलेले असावेत. हे सारे विद्यापीठाच्या कुलसचिवांनी किंवा अधिष्ठात्यांनी प्रमाणित करायचे असते. मार्गदर्शकाने दिलेले पत्र चालत नाही, हे कित्येक अर्जदारांना मुलाखतीच्या दिवशी कळते. सरसकट सूट मागणाऱ्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १६ मार्च २०१५ रोजी अमान्य केला होता. पुढे १ जुलै २०२३ पासूनच्या दुरुस्तीने नेट, सेट किंवा स्लेट ही थेट भरतीची किमान अट ठरवली आणि पीएचडी ऐच्छिक ठेवली. ही दुरुस्ती व जुनी सूट एकत्र कशी वाचायची, हा प्रश्न छाननी समितीने आपल्या बुद्धीने सोडवू नये. जाहिरात देण्यापूर्वी विद्यापीठाकडून लेखी खुलासा घ्यावा. आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये नव्या विनियमांचा मसुदाही हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध केला होता. तेव्हा जाहिरातीच्या तारखेस कोणते विनियम लागू आहेत ते पाहून त्यांचा उल्लेख जाहिरातीतच करणे हे शहाणपणाचे.

अर्धा टक्का

५४.७ टक्के म्हणजे जवळपास ५५च, असे म्हणण्याचा मोह प्रत्येकाला होतो. ओरिसा लोकसेवा आयोगाच्या एका प्रकरणात न्यायिक सेवेसाठी ४५ टक्क्यांची अट होती आणि उमेदवाराला ४४.९३ टक्के होते. नियमात तरतूद नसताना अपूर्णांक पूर्ण करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले. आयोगाच्या विनियमांतही ५५ टक्के व राखीव प्रवर्गांसाठीची ५ टक्क्यांची सवलत ही कृपागुण धरून मोजायची नाही, असे म्हटले आहे. श्रेणी पद्धत आल्यापासून आणखी एक घोळ वाढला. प्रत्येक विद्यापीठाचे श्रेणीबिंदूंवरून टक्केवारी काढण्याचे सूत्र वेगळे असते आणि ते बहुधा गुणपत्रिकेच्या मागील बाजूस छापलेले असते. छायाप्रत काढताना मागची बाजू कोणीच काढत नाही. मग लिपिक सर्वांना दहाने गुणतो आणि एका विद्यापीठाचे विद्यार्थी फुकट वर जातात, दुसऱ्याचे खाली येतात.

विषयाचे नाव आणि पदवीचे मूळ

‘संलग्न विषय’ हा शब्द विनियमांत आहे. त्याची यादी मात्र तेथे नाही. अरबी विषयाच्या जागेसाठी अर्ज आला, उमेदवाराची एम.ए. अरबी आणि नेट ‘अरब संस्कृती व इस्लामी अध्ययन’ या विषयात, तर काय करावे? रसायनशास्त्राच्या जागेसाठी जीवरसायनशास्त्राची एम.एस्सी. चालेल काय? उत्तर काहीही असो, ते अर्ज उघडण्यापूर्वी ठरलेले असले पाहिजे. अर्ज समोर आल्यावर ठरवलेली समकक्षता ही त्या माणसाकडे पाहून ठरवलेली असते, मग ती त्याच्या बाजूची असो वा विरोधातील. समकक्षता ठरवणे हे भरती करणाऱ्या प्राधिकरणाचे काम आहे, न्यायालयाचे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. उच्च अर्हतेत खालची अर्हता आपोआप सामावते असे समजू नये, हेही त्याच निकालात आहे. शाळा चालवणाऱ्या संस्थांना याचा अनुभव ११ ऑगस्ट २०२३ रोजी आला. बी.एड. ही प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेहून ‘मोठी’ असली तरी प्राथमिक वर्गांसाठी ती पात्रता नव्हे, असा निकाल लागला आणि तिला मान्यता देणारी २०१८ ची अधिसूचना रद्द झाली.

पदवी देणारी संस्था विद्यापीठ आहे का, हेही तपासावे लागते. आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ नुसार कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्था यांनाच पदवी देता येते. आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. अनेक वर्षांच्या याद्यांत नागपूरच्या राजा अरेबिक युनिव्हर्सिटीचे आणि गोकाकच्या एका ‘जागतिक मुक्त विद्यापीठा’चे नाव होते, म्हणजे हा प्रकार दूर कुठे तरी घडतो असे नाही. छत्तीसगडमध्ये २००२ च्या कायद्याखाली निघालेली शंभराहून अधिक खाजगी विद्यापीठे ११ फेब्रुवारी २००५ च्या निकालाने बंद झाली. त्या काळातील प्रमाणपत्रे अजून अधूनमधून अर्जांना जोडलेली दिसू शकतात. अशा अर्जदाराकडे लबाड म्हणून पाहणे योग्य नाही. त्यांतील अनेकजण स्वतःच फसलेले असतात.

मदरशांच्या सनदांचा प्रश्न मुस्लिम शिक्षणसंस्थांपुढे अधिक वेळा येतो, आणि येथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा मदरसा शिक्षण कायदा वैध ठरवला, पण त्यातील कामिल व फाजिल या उच्च शिक्षणाच्या पदव्यांसंबंधीचा भाग आयोगाच्या कायद्याशी विसंगत म्हणून रद्द केला. त्यामुळे केवळ फाजिलच्या आधारे ती पदव्युत्तर पदवी मानून अध्यापकपदासाठी अर्ज ग्राह्य धरता येत नाही. मात्र दुसरा एक उमेदवार असा असतो की, ज्याच्याकडे बारावीची गुणपत्रिका नाही. त्याने आलिमची सनद घेतली, ती प्रवेशासाठी मानणाऱ्या केंद्रीय विद्यापीठातून बी.ए. केले, नंतर एम.ए. आणि नेट. अलीगढ, जामिया मिल्लिया किंवा हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ येथे ठरावीक मदरशांच्या सनदांवर असे प्रवेश होतात. ‘बारावी नाही’ असा शेरा मारून त्याचा अर्ज फेटाळला जातो. अण्णामलाई विद्यापीठाच्या मुक्त पद्धतीसंबंधी २००९ चा निकाल येथे पुढे केला जातो, पण तो वेगळ्या परिस्थितीतला आहे. तेथे मूळची पदवीच नव्हती. पदवीशिवाय थेट एम.ए. मिळाले होते. येथे पदवी आहे आणि ती देणाऱ्या विद्यापीठाने प्रवेशाची पात्रता आपल्या नियमाने तपासलेली आहे. अशा अर्जासोबत विद्यापीठाच्या प्रवेशनियमांची प्रत मागवावी. ती मिळण्यास दोन दिवस लागतील. अर्ज फेटाळण्यास दोन मिनिटे लागतात, एवढाच फरक.

एका माणसाची तीन नावे

अर्हतेशी संबंध नसलेल्या कारणाने अर्ज बाद होण्याचे सर्वांत मोठे कारण नाव हे असावे. महाराष्ट्रातील फॉर्मात आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव असा क्रम असतो. कर्नाटकात व हैदराबादेत अनेकांना आडनावच नसते. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर पुढे किंवा मागे लागते. दहावीच्या प्रमाणपत्रावर शेख, पदवीवर शैख, तर इंग्रजीत तीन प्रकारची स्पेलिंग. मुलींच्या बाबतीत शाळेत लावलेले ‘बी’ किंवा ‘बेगम’ महाविद्यालयात गळते आणि विवाहानंतर तिसरे नाव येते. संगणकीय फॉर्म अशा अर्जाला ‘नाव जुळत नाही’ म्हणून परत पाठवतो. राजपत्रातील नोंद किंवा प्रतिज्ञापत्र मागणे योग्यच, पण ती त्रुटी आहे, अपात्रता नव्हे. त्रुटी दूर करण्यास मुदत द्यायची की नाही, हे सर्वांसाठी एकच असावे. जन्मतारीख, आईचे नाव आणि डिजिलॉकरमधील राष्ट्रीय शैक्षणिक भांडारातील नोंद यांवरून ओळख पटवणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही.

गुणांकनाचा तक्ता

महाविद्यालयांसाठी २०१८ च्या विनियमांत तक्ता ३-ब दिला आहे. पदवीला जास्तीत जास्त २१ गुण, पदव्युत्तरला २५, पीएचडीला २५, नेट-जेआरएफला १०, नुसत्या नेटला ८, सेटला ५, संशोधन प्रकाशनांना प्रत्येकी २ प्रमाणे ६, अध्यापन अनुभवाला वर्षाला २ प्रमाणे १०, पुरस्कारांना ३. पदवीला ८० टक्क्यांपुढे २१ गुण, ६० ते ८० मध्ये १९, ५५ ते ६० मध्ये १६, ४५ ते ५५ मध्ये १०.

हा तक्ता कसा चालतो ते पाहण्यासाठी दोन काल्पनिक उमेदवार घेऊ. पहिलीला बी.ए.ला ७९ टक्के (१९), एम.ए.ला ७८ (२३), नेट (८), अनुभव नाही : एकूण ५०. दुसऱ्याला बी.ए.ला ५२ (१०), एम.ए.ला ५६ (२०), पीएचडी (२५), सेट (५), तीन शोधनिबंध (६), पाच वर्षांचा अनुभव (१०) : एकूण ७६. जागा एक आणि मुलाखतीस आठ जण बोलवायचे ठरले, तर पहिलीचे नाव येण्याची शक्यता कमीच. अलीकडेच एम.ए. झालेली, उत्तम गुणांची मुलगी या तक्त्यात मागे पडते, आणि ६० टक्के व ७९ टक्के यांत त्याला काहीच फरक दिसत नाही, ५९.९ आणि ६० यांत मात्र पदवीला ३ गुणांचा, म्हणजे दीड वर्षाच्या अनुभवाएवढा फरक पडतो. तक्त्यावर याहून अधिक टीका करता येईल. पण किती उमेदवार बोलवायचे हे विनियमांनी महाविद्यालयावर सोडले आहे. संख्या थोडी वाढवली तर हा दोष बराचसा सौम्य होतो, आणि त्यासाठी चहाचा खर्च आणि एक जादा दिवस एवढेच लागते.

तक्त्यातील संदिग्ध जागा आधीच निश्चित कराव्या लागतात. ज्याच्याकडे नेट आणि सेट दोन्ही आहेत त्याला ८ द्यायचे की दोहोंची बेरीज करून कमाल मर्यादेचे १०? तासिका तत्त्वावर केलेले काम अनुभव म्हणून किती धरायचे? तात्पुरत्या सेवेबाबत विनियमांतच अटी आहेत : अर्हता कमी नसावी, नेमणूक रीतसर निवड समितीकडून झालेली असावी, वेतन नियमित अध्यापकापेक्षा कमी नसावे. शेवटच्या अटीत तासिका तत्त्वावरील बहुतेक अध्यापक बसत नाहीत, हे दुर्दैवाने खरे आहे. निकष मध्येच बदलण्यास मात्र वाव नाही. भरती सुरू झाल्यावर, नियमांत किंवा जाहिरातीत तशी मुभा नसेल तर, पात्रतेचे निकष बदलता येत नाहीत, असे पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले. लघुसूचीसाठी अधिक कडक कसोटी लावण्यास न्यायालयाची हरकत नसते. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाने कामगार न्यायालयांच्या पदांसाठी पाच वर्षांच्या किमान अनुभवाऐवजी साडेसात वर्षे अनुभवाच्या उमेदवारांनाच बोलावले होते. १९९४ मध्ये ते वैध ठरले. मात्र ती कसोटी सर्वांना सारखी लावलेली होती.

अल्पसंख्याक संस्थांना घटनेच्या कलम ३०(१) नुसार आपले अध्यापक निवडण्याचा अधिकार आहे. निवड समितीच्या रचनेतही त्याची दखल आहे : कुलगुरूंनी शिफारस केलेल्या पाच नावांच्या, शक्यतो अल्पसंख्याक समाजातील, यादीतून महाविद्यालयाच्या अध्यक्षांना दोन प्रतिनिधी नेमता येतात. या अधिकाराचा अर्थ पात्र उमेदवारांमधून निवडण्याचे स्वातंत्र्य असा आहे. किमान अर्हता शिथिल करण्याचा अधिकार त्यात येत नाही, आणि ‘आपला माणूस आहे, नेट पुढच्या वर्षी करील’ या समजुतीने केलेल्या नेमणुका विद्यापीठाच्या मान्यतेपाशी अडतात. मग तो अध्यापक वर्षानुवर्षे बिनमान्यतेचा राहतो.

छाननीचा तक्ता तयार करताना ‘अपात्र’ या शब्दापुढे कारणाचा रकाना असावा आणि त्यात जाहिरातीतील कोणती अट, कोणत्या कागदावरून, अपूर्ण राहिली हे एका वाक्यात लिहावे. तो तक्ता तीन सदस्यांच्या स्वाक्षऱ्यांनिशी जतन करावा. राजस्थान विद्यापीठाच्या वर उल्लेखिलेल्या प्रकरणात अर्हता शिथिल केल्यास त्याची कारणे नोंदवली पाहिजेत व निवडीच्या नोंदी सांभाळल्या पाहिजेत, असे न्यायालयाने बजावले. निवड सदोष असल्याचेही मान्य केले. तोवर निवडलेल्या अध्यापकांना काम करून सुमारे आठ वर्षे झाली होती, म्हणून त्यांच्या नेमणुका रद्द करण्यात आल्या नाहीत.